शेगडी म्हण ना सरळ

बोटीवर बार्बेक्यू करायचा, असं दादाने फोनवर सांगितलं तेव्हा मी रुखवताच्या चकल्या पाडत होते. सोऱ्या हातात, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, तेल तापलेलं. मी म्हटलं, "कुणाच्या बोटीवर?" तर म्हणतो, "कुणाच्या म्हणजे? माझ्या." म्हटलं, "आणि कशासाठी?" तर म्हणतो, "कशासाठी म्हणजे? केळवणासाठी." माझ्या या थोरल्या भावाला काहीही विचारा, तो आधी तुमचाच प्रश्न तुमच्या अंगावर परत फेकतो आणि मग उत्तर देतो. जन्मभर ऐकतेय मी हे. तेवढ्यात कढईतली चकली जळली ती जळलीच.

लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं. आत्याने केळवण केलं, दोन्ही काकांनी केलं, समोरच्या ब्लॉकवाल्यांनीसुद्धा हौसेने पाट मांडून, रांगोळी काढून दोघांना जेवू घातलं. राहिला होता मामा. आणि मामाचं केळवण राहून चालतं का? ज्याने मुलीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणायचं, त्याच्या घरचा घास तिच्या पोटात नको?

पण घोडं अडलं होतं ते घरापाशीच. वहिनी गेली त्याला तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. ती गेल्यावर दादाने कल्याणचा फ्लॅट भाड्याने दिला आणि स्वतः शहाडला एका खोलीत जाऊन राहिला. "त्या ओट्यासमोर मला उभं राहवत नाही," एवढंच म्हणाला. खोलीत एक कॉट, एक ड्रॉइंग बोर्ड, आणि कॉटखाली वहिनीची भांडी भरलेल्या दोन गोणी. जेवणाचा डबा येतो. वहिनी होती तेव्हा दिवसभर तिच्या नावाचा पुकारा चालायचा, चष्म्यापासून चहापर्यंत. आता तो तिचं नाव घेत नाही. 'ती' म्हणतो. तिचा डबा, तिची चाळण, तिची ती शाल.

म्हणून मी आपलं साध्या मनाने सुचवलेलं, की दादा, केळवण माझ्याकडेच करू तुझ्या नावाने. साडी तू दे, स्वयंपाक मी करते. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे बायको गेली तर माणसाने कुणाला जेवायलाही बोलवायचं नाही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला एकच गोष्ट हवी होती: भाची आणि जावई त्याच्या हक्काच्या जागेत, त्याच्या हातचं जेवून, तृप्त होऊन उठावेत. खोलीत पाच माणसं मावत नव्हती. बोटीत मावत होती. अशी ती बोट मधे आली.

आता बोट म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं मला माहीत नाही, पण तसं काही नाही. डोंबिवलीच्या रेतीबंदराकडे मासेमारी सोडलेल्या एका माणसाकडून घेतलेली फायबरची जुनी होडी, मागे एक खोकणारं इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर, बसायला आडव्या फळ्या. रिटायर झालेली माणसं सकाळी बागेत फिरतात, हास्यक्लबात जाऊन ओरडतात, भाजी निवडतात. आमच्या दादाने बोट घेतली. पोहता येतं, कागदपत्रं केलीत, लाइफ जॅकेटं घेतलीत, सगळं नियमाने. नियमाबाहेर दादा श्वास घेत नाही. आयुष्यभर ठाण्याला, खोपटजवळच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. त्याने बायकोला बाजारातून आणायच्या पिशवीचंसुद्धा स्केच काढून दिलं असेल.

आठवड्याभरात तो गुंडाळी घेऊन आमच्याकडे आला. माझ्या डायनिंग टेबलावरची रुखवताची ताटं बाजूला सारली आणि कागद पसरला. वरून दिसणारी बोट, बाजूने दिसणारी बोट, मधोमध कापलेली बोट. आणि त्यात लाल पेन्सिलीने एक चौकोन.

"हा बार्बेक्यू," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. खाली पाय, मधे निखारे, वर जाळी. म्हटलं, "दादा, ही शेगडी आहे."

"शेगडी नाही. बार्बेक्यू."

"अरे, खाली कोळसा, वर भाजायचं. शेगडी म्हण ना सरळ."

"शेगडीला एअर कंट्रोल नसतो," तो म्हणाला.

"शेगडीला दार असतं की! आईची आठव. राख काढायचं दार, तेच उघडबंद करून वारा घालायची ती."

"अगं बाई, तुला नाही कळत त्यातलं." झालं. कागदाची गुंडाळी परत झाली. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "काहीही म्हणा, पण पेटवा पाण्यावरच, घरात नको." त्यांना काय माहीत, पुढे काय वाढून ठेवलंय.

दादाच्या दोन अटी होत्या. एक, बार्बेक्यू स्वस्तात व्हायला हवा. नवीन वस्तू आणायची नाही, कारण नवीन वस्तू आणली की त्यात आपली अक्कल दिसत नाही. दोन, सेफ हवा. पहिल्या अटीसाठी तो शीळफाट्याच्या भंगारवाल्यांकडे चकरा मारायला लागला. पत्र्याचा अर्धा पिंप आणला, लोखंडी पट्ट्या आणल्या, कुठल्या तरी फ्रीजची तारेची जाळी आणली. ती मी बघितली आणि म्हटलं, हिच्यावरचा मुलामा तापला की पोटात जाईल, टाक ती. टाकली. कधी नव्हे ते ऐकलं.

दुसऱ्या अटीचा जाच मात्र आम्हाला झाला. सकाळी सातला फोन. "गॅसचा छोटा सिलिंडर नको." म्हटलं, नको तर नको, मी कुठे देतेय? "नाही, कारण समजून घे. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचून बसतो. एक ठिणगी की संपलं." फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत. "रॉकेल पण नको." दुपारी मी जरा आडवी होते तर, "कापूर. कोळसा कापराने पेटवायचा. वास चांगला, भडका नाही." म्हटलं, दादा, आरती पण करूया त्याची, पण मला झोपू दे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत. इकडे हॉलवाल्याचा फोन, ब्लाउज शिवायला टाकलेला, पत्रिकेत व्याह्यांच्या नावाची वेलांटी चुकलेली, आणि हा मला समजावतोय की फायबर किती तापल्यावर फुगतं.

आणि मग तो रविवार आला. तो लिहितानासुद्धा माझ्या डोक्यावर कुणीतरी मिऱ्या वाटतंय असं वाटतं.

आमच्या गॅलरीत झोपाळा आहे. लाकडी फळीचा, पितळी कड्यांचा. लग्नानंतर पहिल्यांदा मी माझ्या पगारातून घेतलेली वस्तू ती. दादा दुपारी पिंपाचा तुकडा, कोळशाची पिशवी, आणि एक बादली घेऊन आला आणि थेट गॅलरीत गेला. मी चहा घेऊन गेले तर झोपाळ्यावर चार विटा, विटांवर पिंप, पिंपात कोळसा, आणि दादा कापराच्या वड्या मोजून ठेवतोय.

"हे काय?"

"हे काय म्हणजे? टेस्ट."

"झोपाळ्यावर?"

"बोट हलते की नाही? मग? लाट आल्यावर निखारा जागेवर राहतो का ते नको बघायला? तू फक्त हळूहळू झोका दे."

देवा रे! माझ्या झोपाळ्यावर विस्तव ठेवून वर मलाच झोका द्यायला सांगतो! मी म्हटलं, नाही, अजिबात नाही. तर तो म्हणाला, "ठीक आहे, मीच देतो. तू बादली धर." आता सांगा, सख्ख्या भावाने तुमच्या हातात पाण्याची बादली दिली आणि स्वतः पेटत्या पिंपाला झोका द्यायला लागला, तर तुम्ही काय करणार? धराल बादली. मी धरली.

पिंपाला खाली भोकं पाडलेली होती आणि निखारे अधांतरी राहावेत म्हणून आत एक गोल चाळण बसवलेली. धुरात मला ती नीट दिसली नव्हती. कापूर पेटला, कोळसा तडतडला, खालच्या मजल्यावरून "काय जळतंय हो?" सुरू झालं. दादा तल्लीन. पहिला झोका बरा गेला. दुसरा बरा गेला. तो म्हणाला, "बघ, ही साधी भरतीची लाट. आता लॉन्च गेल्यावर येते ती." आणि जरा जोरात दिला. एक वीट सरकली, पिंप कलला, आणि आत काहीतरी मेणासारखं वाकलं. निखारे धबाधब खाली. तीन फळीवर, बाकीचे फरशीवर. मी बादली ओतली ती सगळीच्या सगळी. अर्धी निखाऱ्यांवर, अर्धी दादावर.

मग मी बोलले. जे तोंडाला येईल ते बोलले. "उंटावरचा शहाणा! अख्ख्या डोंबिवलीत केटरर मेलेत का? फळीला भोकं पडली माझ्या! लग्नघर आहे हे, तुझी प्रयोगशाळा नाही!" सोसायटीचे सेक्रेटरी बेल वाजवतायत, हे त्यांना "काही नाही, धूप घातलाय" असं धडधडीत सांगतायत. दादा ओल्या शर्टाने खाली बसला आणि पिंपातून चिमट्याने ती चाळण बाहेर काढली. कडेला काळी, मधे वितळून लोंबलेली.

तेव्हा मी ओळखली. वहिनीच्या मोदकपात्राची चाळण होती ती. ॲल्युमिनियमची. इतकी वर्षं वाफेवर राहिलेली, तिला विस्तव कसा सोसणार?

"दुसरं काही नव्हतं का रे?" मी म्हटलं.

"मापात बसत होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "तिचं काहीतरी असावं असं वाटलं. केळवण जोडप्याने करतात ना." त्याने ती वाकडी चाळण वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत घालून घेऊन गेला. चहा तसाच राहिला.

दोन दिवस फोन नाही. सकाळचे सात वाजून जायचे आणि मला चुकल्यासारखं व्हायचं. भाऊ छळतो तेव्हा नकोसा होतो आणि गप्प बसतो तेव्हा जीव खातो. शेवटी मीच केला फोन. म्हटलं, "काय झालं तुझ्या शेगडीचं?"

"बार्बेक्यू," तो म्हणाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग त्याने केलं ते मात्र मला पटलं, हे कबूल करायला हवं. मुळात शेगडी बोटीत ठेवायचीच नाही, बोटीच्या बाहेर टांगायची. काठावर दोन लोखंडी पट्ट्या बोल्टने घट्ट बसवायच्या, त्या बाहेर पाण्यावर काढायच्या आणि त्यांच्यावर पिंप साखळीने बांधायचा. आत चाळण जाड लोखंडी पत्र्याची. निखारा पडला तर पडेल खाडीत. पेट्रोलची टाकी इंजिनापासून काढून पार पुढच्या टोकाला, ओल्या गोणपाटाखाली. ताडपत्रीचं छप्पर त्या दिवशी उतरवायचं. वाऱ्याला आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा उघडून तीन बाजूंनी उभा करायचा. वाळूची एक बादली, पाण्याची एक बादली. आणि काडेपेटी संबंध बोटीवर एकच, ती त्याच्या खिशात. "नांगर टाकून उभं राहायचं आणि मगच पेटवायचं. चालत्या बोटीत नाही," हे तो मला रोज सांगायचा, जसं काही बोट मी चालवणार होते.

राहिला दिवस. आणि इथे आमची सगळ्यांची अक्कल गेली.

खाडीला पाणी हवं. ओहोटीला आमच्या इथे नुसता चिखल, बोट बगळ्यासारखी एका जागी उभी. दादा बंदरावर बसून बसून एक हिशेब शिकलेला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. या हिशेबाचं त्याला इतकं कौतुक, की पंचांग घेऊनच बसला. एकादशी नको, भरती भलत्या वेळेला. अष्टमी नको, अंधार होईल. "मिळाला! रविवार आणि चतुर्थी. तीन वाजता भरपूर पाणी, ऊन कललेलं, सहाच्या आत परत." मी कॅलेंडर बघितलं. रविवार आहे ना, हॉलवाल्याकडे जायचं नाहीये ना, एवढंच बघितलं. लेकीने बघितलं, तिला सुट्टी होती. ह्यांनी तर काहीच बघितलं नाही. सगळ्यांनी हो म्हटलं. जावईबापूंना कळवलं, त्यांनीही "हो, हो, येतो" म्हटलं.

रविवारी अडीचला आम्ही बंदरावर हजर. मी काठापदराची साडी नेसून, वर नारिंगी लाइफ जॅकेट. लेक फोटो काढून काढून हसतेय. हे पांढरा सदरा घालून चिखल टाळत उभे. दादाने नवा शर्ट घातलेला, घड्या मोडलेल्या नाहीत, आणि हातात भला मोठा डबा. रात्रभर मुरवलेलं चिकन. मसाला स्वतः वाटलेला. वहिनीच्या गोणीतून पाटा-वरवंटा काढलेला म्हणे. आमचे हे शाकाहारी, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या पिशवीत रताळी आणि वेगळा चिमटा. सगळं होतं. पाणी नव्हतं.

तीन वाजले. चिखल. सव्वातीन. चिखल. "पाऊणपट केलीस ना नीट?" मी विचारलं. तो म्हणाला, "नीट म्हणजे? चार त्रिक बारा, भागिले चार." मग जाळी विणत बसलेल्या एका बाईंनी हसत सांगितलं, तो हिशेब खाली समुद्रापाशी, पाणी इथवर चढायला आणखी वेळ लागतो. दादा म्हणाला, "हो हो, ते धरलं नव्हतं." ते धरलं नव्हतं! कापराच्या वड्या मोजल्या, बोल्ट मोजले, आणि समुद्र डोंबिवलीपर्यंत चालत यायला किती वेळ लागतो ते धरलं नव्हतं! आम्ही लग्नघरची माणसं टपरीवर चहा पीत बसलो. मी बरोबर आणलेल्या चकल्या काढल्या. जावईबापू नुसता चहाच घेत होते. मला वाटलं, लाजतायत.

शेवटी पाणी आलं. बोट हलली, उचलली गेली. दादाने इंजिन सुरू केलं, थोडं आत जाऊन नांगर टाकला, टाकी पुढे नेली, गोणपाट ओलं केलं. मग खिशातून काडेपेटी काढली. कापूर पेटला, कोळशाने पेट घेतला, आणि पाण्याच्या वर टांगलेल्या त्या पिंपात निखारे लालबुंद झाले. खालून खाडी वाहतेय, वर निखारे. राख खाली गळली की पाण्यात चर्र व्हायचं. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होतं ते.

आधी ओवाळणं. फळीवर दोघांना बसवलं, लेकीने खडूने पुढ्यात चार रेघांची रांगोळी काढली. मी निरांजन लावलं, विझलं. परत लावलं, परत विझलं. प्रत्येक वेळी दादाकडे काडेपेटी मागायची आणि त्याने ती परत खिशात ठेवायची. शेवटी तो म्हणाला, "इकडे आण, आडोशाला." त्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याआड, शेगडीच्या उबेत निरांजन तेवलं. तिथेच, अर्धवट वाकून, एका हाताने काठ धरून मी दोघांना ओवाळलं. दादाने साडी दिली, जावयाला पाकीट दिलं.

आणि मग त्याने तो डबा उघडला. वास सुटला. सळईत ओवलेले तुकडे घेऊन तो जाळीकडे वळला, तोच जावईबापू घसा खाकरून म्हणाले, "मामा, एक सांगू का? मला वाढू नका हं. आज माझी संकष्टी आहे."

चतुर्थी. वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन करणाऱ्या माणसाला चार म्हणजे चतुर्थी आणि चतुर्थी म्हणजे संकष्टी, एवढं सुचलं नाही! आणि मला? कॅलेंडरवर त्या चौकोनात ढळढळीत गणपती छापलेला, मी त्याच्या डोक्यावरचा रविवार वाचत होते. लेकीकडे मी बघितलं, तर ती तोंडावर हात धरून. "तू मला का नाही सांगितलंस?" ती त्याला म्हणाली. तो बिचारा म्हणाला, "मामा इतकं मनापासून करत होते. मला वाटलं, बसेन नुसता. चंद्रोदय झाल्यावर घरी जेवेन."

दादाच्या हातातली सळई तशीच हवेत. जाळीला अजून काही लागलेलं नव्हतं. त्याने सळई परत डब्यात ठेवली, झाकण लावलं, दाबून लावलं. मग तो खाली फळीवर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती असती तर तिने आधी तिथी बघितली असती. मी नुसता आकडा बघितला."

मला रडूच आलं. आणि रडू आलं की मी चिडते. मी म्हटलं, "बस झालं. उपासाला रताळं चालतं. पिशवीत रताळी आहेत. ऊठ आणि भाज."

"केळवणाला रताळी?" तो म्हणाला. "मामाने केळवण केलं आणि जावयाला रताळं घातलं? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथे बगळे आहेत फक्त. ऊठ."

हे म्हणाले, "माझी रताळी होती ती, पण मी वाटून घ्यायला तयार आहे." आमच्या ह्यांचं हे असं. पण दादा उठला. रताळी जाळीवर ठेवली, आडोसा नीट केला, आणि मग त्याचे हात चालायला लागले. कुठलं रताळं कुठे सरकवायचं, कुणाच्या खाली निखारा वाढवायचा, सगळं न बोलता. सालं काळी पडली, कडेने पाक सुटला. त्याने ती सोलली, फोडून वर तूप घातलं, चिमूटभर मीठ, आणि पहिलं ताट भाचीला, दुसरं जावयाला दिलं. जावई सकाळपासून नुसत्या चहावर. तो जो जेवला! एक झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला म्हणाला, "मामा, आणखी आहे?" दादाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा इतका उजळला, की मी दुसरीकडे बघितलं.

मग नाव घ्या, नाव घ्या सुरू झालं. लेकीने पाठ केलेला उखाणा घेतला. जावयाने दोनदा अडखळून घेतला, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि त्या नव्या जावयाने, ज्याला दादा तिचं नाव घेत नाही हे माहीत नव्हतं, हसत हसत म्हटलं, "आता मामांनी. केळवण करणाऱ्याने पण घ्यायचं."

लेकीने त्याचा हात दाबला. मी काहीतरी विषय काढायला तोंड उघडलं, पाणी उतरायला लागलंय वगैरे. दादा चिमट्याने निखारे सारखे करत होता. तो थांबला. नवा शर्ट, बाही काळी झालेली, चिमटा हातात. आणि त्याने घेतलं:

"खाडीच्या पाण्यावर पेटली शेगडी..."

मग वहिनीचं नाव घेतलं. पूर्ण, मोठ्याने, पूर्वी चहाला हाक मारायचा तसं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

"...चं नाव घेतो, जन्माची माझी सवंगडी."

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. लेक उठून त्याच्याजवळ जायला लागली तर ओरडला, "बस! बस खाली! विस्तव विझेपर्यंत कुणी जागेवरून उठायचं नाही, किती वेळा सांगितलंय!" ती बसली. त्याने वाळूची बादली बाजूला सारली, पाण्याची घेतली, थोडं थोडं करून निखाऱ्यांवर ओतलं. हात घालून पाहिला. परत ओतलं.

टाकी मागे आणायला तो माझ्या फळीपाशी आला तेव्हा मी हळूच म्हटलं, "दादा, शेगडी म्हणालास."

"म्हणालास म्हणजे?" तो म्हणाला. "बार्बेक्यूला यमक कुठून आणू? आणि तिला कळायला नको?"